परवडणारा रायफल-स्कोप : निवडीचे गणित

स्पर्धेतील स्थान

दिल्लीच्या दक्षिण टोकाला, तुघलकाबादजवळ, डॉ. कर्णी सिंह शूटिंग रेंज आहे. 1982 च्या आशियाई खेळांसाठी ती उभारली गेली आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी तिचे नूतनीकरण झाले. रायफल नेमबाजीचे नाव काढले की दुर्बिणीचे चित्र डोळ्यांपुढे येते. पण येथे होणाऱ्या 10 मीटर आणि 50 मीटरच्या ऑलिंपिक रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तेथे ‘पीप साइट’ वापरतात. मागे बारीक छिद्र, पुढे एक कडे आणि त्यापलीकडे लक्ष्याचा काळा गोल, अशी ही रचना असते. ही वर्तुळे एककेंद्री दिसली की नेम जुळतो. नजर सुधारणारे भिंग चालते, प्रतिमा मोठी करणारे चालत नाही. तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन (पालथे झोपून) प्रकारात मिळवलेले विश्वविजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांसह मिळवलेले कांस्यपदक, दोन्ही दुर्बिणीविना.

त्यामुळे मावळंकर स्पर्धेची पायरी चढून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जायचे ठरवलेल्या नवशिक्याने स्कोपवर, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीवर, खर्च करण्याचे कारण नाही. (ही स्पर्धा लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या नावाची आहे. 1951 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे ते संस्थापक अध्यक्ष होते.) स्कोपला वाव आहे तो बेंचरेस्ट (मेजावर रायफल टेकवून), फील्ड टार्गेट (मैदानात वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्ये) आणि रनिंग टार्गेट (सरकते लक्ष्य) या प्रकारांत, आणि त्याहून कितीतरी अधिक हौशी सरावात.

शिकारीचा प्रश्न

परदेशी बनावटीच्या स्कोपच्या खोक्यावर ‘हंटिंग’ असे छापलेले असते. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मुळे शिकारीची हौस कायद्याबाहेर गेली आहे. कर्णी सिंह रेंजला लागूनच असोला भाटी अभयारण्य आहे; म्हणजे नेमबाजीची जागा आणि जेथे प्राण्यावर नेम धरणे गुन्हा आहे ती जागा शेजारीशेजारी आहेत. 4.5 मिमी व्यासापर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, पण म्हणून तिने मोर किंवा अन्य संरक्षित पक्षी टिपण्याची मुभा मिळत नाही. वन्यप्राण्यावर रोखलेली स्कोपची रायफल आज कायदेशीरपणे दिसते ती मुख्यतः वनविभागाच्या पथकाकडे, बिबट्याला बेशुद्ध करण्याचे इंजेक्शन मारताना. ‘हंटिंग स्कोप’ या शब्दाचा येथे उरलेला अर्थ तांत्रिक आहे : विस्तृत दृष्टिक्षेत्र, जाड क्रॉसहेअर (नेमाच्या आडव्या-उभ्या रेषा) आणि अंधूक उजेडातही स्पष्ट दिसणारी प्रतिमा.

आतील रचना

स्कोपच्या पुढच्या टोकाचे वस्तुभिंग लक्ष्याची उलटी प्रतिमा तयार करते. मधल्या नळीतील भिंगे ती सुलटी करतात आणि नेत्रिका ती मोठी करून डोळ्यापर्यंत पोहोचवते. या मार्गात क्रॉसहेअर बसवलेले असते. वरची आणि बाजूची घुंडी फिरवली की मधली नळी एका स्प्रिंगविरुद्ध किंचित कलते आणि नेम सरकतो. स्वस्त आणि महाग स्कोपमधला खरा फरक या मधल्या नळीत, तिच्या स्प्रिंगमध्ये आणि भिंगांच्या पकडीत असतो. बाहेरून त्यातले काहीच दिसत नाही.

आकड्यांचा अर्थ

‘4×32’ म्हणजे चौपट विशालन आणि 32 मिमी व्यासाचे वस्तुभिंग. ‘3-9×40’ मध्ये विशालन तिपटीपासून नऊपटीपर्यंत बदलता येते. व्यासाला विशालनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. 4×32 मध्ये तो 8 मिमी, तर 3-9×40 मध्ये नऊपटीवर सुमारे 4.4 मिमी. भर उजेडात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिमी असते, तेव्हा दोन्ही पुरेसे. संध्याकाळी बाहुली पाच-सहा मिमीपर्यंत उघडते आणि मग नऊपटीवरची प्रतिमा काळवंडते. विशालन वाढले की दृष्टिक्षेत्र आकुंचते, हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. दिल्लीच्या मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर आणि डिसेंबरातले धुरके हीदेखील विशालनाबरोबर वाढतात. दुकानातला ‘24×50’ सर्वांत भारदस्त दिसतो. 25 मीटरच्या सरावात तो बहुधा सर्वांत निरुपयोगी ठरतो.

पराशय

स्वस्त खरेदीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा मुद्दा पराशय, म्हणजे पॅरलॅक्स. वस्तुभिंगाने तयार केलेली प्रतिमा आणि क्रॉसहेअर एकाच प्रतलात नसतील, तर डोळा किंचित हलताच क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसते. रायफल स्थिर असते, पण नेम बदललेला भासतो आणि नेमबाज तो ‘दुरुस्त’ करून बसतो. बंदुकीसाठीचे साधे स्कोप बहुधा 100 यार्डांवर, म्हणजे सुमारे 91 मीटरवर, पराशयमुक्त केलेले असतात. असा 40 मिमी भिंगाचा स्कोप 10 मीटरवर वापरला, तर डोळा अगदी कडेला गेल्यास सैद्धांतिक चूक अठरा मिमीच्या आसपास जाते. 10 मीटर एअर रायफलचे संपूर्ण लक्ष्य 45.5 मिमी व्यासाचे असते आणि त्यातील दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिमीचा. म्हणजे क्रॉसहेअर मध्यावर दिसत असताना छर्रा तीन गुणांच्या वर्तुळात जाऊ शकतो. डोळा मध्यावर ठेवण्याची सवय असेल तर प्रत्यक्षातली चूक पुष्कळच कमी राहते. तरीही दहा-वीस मीटरसाठी हा दोष नगण्य म्हणता येत नाही.

यावर उपाय म्हणजे अंतर जुळवता येणारा स्कोप. काहींत वस्तुभिंगाभोवतीचे कडे फिरवावे लागते, काहींत डाव्या बाजूला घुंडी असते. पहिली रचना स्वस्त आणि भक्कम, दुसरी सोयीची पण महाग. खालची मर्यादा 10 मीटरपर्यंत येते का, हे पाहणे आवश्यक आहे, कारण कित्येक स्कोप 25 किंवा 50 यार्डांखाली जातच नाहीत.

स्प्रिंग रायफलचा उलटा झटका

परवान्याशिवाय मिळणाऱ्या स्वस्त एअर रायफली बहुतेक स्प्रिंगवर चालतात. चाप ओढल्यावर जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. लगेचच पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर थांबतो आणि रायफल पुढे हिसका खाते. सामान्य स्कोपची अंतर्रचना मागच्या धक्क्यासाठी मजबूत केलेली असते, पुढच्या हिसक्यासाठी नाही. परिणामी भिंगे सैलावतात, क्रॉसहेअर तिरके होते किंवा तुटते. .22 रिमफायरवर (परवाना लागणाऱ्या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर) अनेक वर्षे टिकणारा स्कोप स्प्रिंग रायफलवर थोड्याच काळात निकामी होऊ शकतो. स्प्रिंग रायफलसाठी चालतो असा निर्मात्याचा लेखी उल्लेख आणि वॉरंटी या दोन गोष्टींचे मोल येथे काचेच्या दर्जापेक्षा अधिक. हवा साठवणाऱ्या पीसीपी रायफलीत हा त्रास जवळपास नसतो.

क्लिकची परीक्षा

घुंडीच्या एका क्लिकने नेम सहसा पाव मिनिट कोनाने सरकतो. 100 मीटरवर हे अंतर सुमारे 7.3 मिमी, 50 मीटरवर 3.6 मिमी आणि 10 मीटरवर जेमतेम 0.7 मिमी. 10 मीटरवर छर्रे दीड सेंटिमीटर खाली लागत असतील, तर सुमारे वीस क्लिक वर जावे लागते. चांगल्या स्कोपमध्ये वीस क्लिक म्हणजे वीसच. हलक्या स्कोपमध्ये पहिल्या काही क्लिकना आतली नळी दादच देत नाही आणि दोन-तीन गोळ्या सुटल्यावर अचानक उडी घेते. हा दोष पकडण्याची जुनी रीत चौकोनाची आहे. एक ग्रुप, म्हणजे एकाच बिंदूवर नेम धरून काही गोळ्यांचा पुंजका, मारायचा, मग चाळीस क्लिक उजवीकडे, चाळीस वर, चाळीस डावीकडे आणि चाळीस खाली जात प्रत्येक वळणावर ग्रुप घ्यायचा. पाचवा ग्रुप पहिल्यावर पडला तर यंत्रणा विश्वासू. विक्रेत्याची परत घेण्याची मुदत संपण्यापूर्वी ही परीक्षा उरकणे शहाणपणाचे.

काच आणि लेप

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दहा पृष्ठभाग असलेल्या स्कोपमधून मग दोन-तृतीयांशच प्रकाश पलीकडे पोहोचतो. सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप असेल तर तोटा बराच घटतो. माहितीपत्रकात नुसते ‘कोटेड’ म्हटले असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर एकेरी लेप असू शकतो. भिंगावरची भडक लाल झाक ही गुणवत्तेची खूण नव्हे. नायट्रोजन भरलेली बंद नळी मात्र उपयोगी, कारण थंडीच्या पहाटे उबदार खोलीतून बाहेर आणलेल्या स्कोपच्या आत बाष्प धरत नाही.

बसवणी

एअर रायफल आणि .22 यांवर साधारणतः 11 मिमीची डव्हटेल खाच असते. मोठ्या रायफलींवर वीव्हर किंवा पिकाटिनी पट्टी. रिंगा त्याच मापाच्या आणि नळीच्या व्यासाच्या, म्हणजे एक इंच किंवा 30 मिमीच्या, हव्यात. स्प्रिंग रायफलवर स्कोप हळूहळू मागे घसरतो, म्हणून खाचेतील छिद्रात बसणारी अडवणारी पिन असलेला एकसंध माउंट घेणे इष्ट. स्क्रू अति आवळल्यास नळी चेपते. नेत्रिकेपासून डोळा आठ-दहा सेंटिमीटर दूर राहावा. शक्तिशाली रायफलीवर हे अंतर कमी पडले की भुवईवर जखम ठरलेली. स्कोप घेताना माउंटचा खर्च विसरला जातो आणि शेवटी हाताशी येईल तो बसवला जातो. डगमगणाऱ्या माउंटवर कोणताही स्कोप झिरो, म्हणजे जुळवलेला नेम, धरत नाही.

निवड

स्प्रिंग एअर रायफल आणि 10 ते 25 मीटरचा घरगुती सराव असेल, तर 10 मीटरपर्यंत पराशय जुळवता येणारा, स्प्रिंगचा झटका सोसणारा 3-9×40 सर्वांत समतोल. खिसा आखूड असल्यास एअर रायफलसाठीच बनवलेला स्थिर 4×32 पुरतो, आणि हलणारे भाग कमी असल्याने तो सहसा अधिक टिकतोही. परवान्याच्या .22 ने बेंचवरून 50 मीटरवर ग्रुप मारायचे असतील, तर बारा ते सोळापटीपर्यंतचे विशालन आणि बारीक क्रॉसहेअर उपयोगी ठरते. रात्री उजळणारे क्रॉसहेअर आणि अंतरमापनाच्या खुणांची जाळी यांचे पैसे मात्र कमी अंतराच्या नेमबाजीत फुकट जातात. तुघलकाबादच्या 10 मीटर हॉलमध्ये ज्याला स्पर्धक म्हणून उभे राहायचे आहे, त्याच्यासाठी स्कोपची योग्य किंमत शून्य. ती रक्कम पीप साइट, छर्रे आणि रेंजच्या शुल्कावर खर्च व्हावी.