कॅप्टन रॉक आणि पीलचे पोलीस

‘कॅप्टन रॉक’ हा कोणी एक माणूस नव्हता. १८२१ ते १८२४ या काळात आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतात धमकीच्या पत्राखाली कोणीही ही सही करी. संताप मुख्यतः चढ्या खंडावर आणि दशांशावर होता. कॅथलिक कुळाने प्रॉटेस्टंट चर्चला तो द्यायचा, तोही बटाट्यांवर. धनिकांची कुरणे मात्र सुटलेली!

त्याआधीच, १८१४ मध्ये, रॉबर्ट पील यांनी खास पोलीसदल उभारले होते. ते प्रथम टिपररीत गेले. खर्च त्याच ‘अशांत’ मुलखाच्या माथी. म्हणजे बंदोबस्त हाच दंड. साहजिकच स्थानिक जमीनदारही ते मागवायला कचरत. १८२२ च्या कायद्याने कायम पोलीस आले. याच आयरिश नमुन्यावर नेपियरने १८४३ मध्ये सिंधचे पोलीस उभारले आणि १८५३ मध्ये मुंबई इलाख्याने सिंधचा कित्ता गिरवला.