खेळाडूचा घोटा : सोसणे आणि सावरणे

मनुष्याच्या देहाचा सारा भार ज्या सांध्यावर पडतो, त्या घोट्याची आठवण तो दुखावल्यावाचून आपणांस सहसा होत नाही. हुतुतू, खो-खो किंवा आट्यापाट्या खेळताना ज्याचा पाय कधीच मुरगळला नाही, असा विद्यार्थी विरळा. अशा वेळी एखादा गडी लंगडत का होईना, पण खेळत राहिला, तर त्याचे मोठे कौतुक होते. हे कौतुक कितपत योग्य आहे आणि दुखणे सोसणे व दुखणे बरे होणे यांत अंतर किती आहे, हे समजून घेण्यास अमेरिकेतील बेसबॉलच्या दोन खेळाडूंची हकीकत फार उपयोगी पडते.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून प्रथम त्याची थोडी ओळख करून घेऊ. क्रिकेटप्रमाणे येथेही एक गडी चेंडू टाकतो आणि दुसरा तो बॅटने टोलवतो. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाज धावत येऊन वेग मिळवतो, पिचरला मात्र ती सोय नाही. मातीच्या उंचवट्यावर बसविलेल्या रबराच्या पट्टीस एक पाय लावून तो जागच्या जागी उभा राहतो आणि सुमारे १८.४ मीटर अंतरावरील फलंदाजाकडे चेंडू फेकतो. जो काही जोर आणावयाचा, तो पट्टीला लावलेल्या पायाने जमीन रेटूनच. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा हा पाय उजवा असतो. एका सामन्यात ही क्रिया शंभराच्या आसपास वेळा करावी लागते. तेव्हा पिचरचे सामर्थ्य खांद्यात दिसत असले, तरी त्याचे मूळ घोट्यात असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता घोट्याची रचना पाहू. पायाच्या बाहेरील बाजूस हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, ते नडगीशेजारील बारीक हाडाचे खालचे टोक होय. पोटरीच्या बाहेरील स्नायूंपासून निघालेल्या दोन कंडरा या टोकाच्या मागील खोबणीतून पावलाकडे जातात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. पाऊल आतल्या बाजूस कलंडू न देणे, हे या दोन दोऱ्यांचे मुख्य काम. त्या खोबणीतून निसटू नयेत म्हणून त्यांवर एक पातळ पण बळकट पट्टा असतो. हा पट्टा फाटला, की कंडरा जागा सोडते आणि पाऊल हलेल तसतशी हाडावरून मागेपुढे उसळू लागते. त्यामुळे वेदना तर होतातच, शिवाय पायाचा भरवसाच नाहीसा होतो.

बोस्टन शहराच्या रेड सॉक्स या संघाचा पिचर कर्ट शिलिंग याच्या बाबतीत नेमके हेच घडले. २००४ च्या हंगामात त्याने २१ सामने जिंकले होते व केवळ ६ गमावले होते. ५ ऑक्टोबर २००४ रोजी अंतिम फेऱ्यांना आरंभ होताच त्याचा उजवा घोटा दुखावला. १२ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध तो तशाच पायाने उतरला, परंतु पायाने जमीन रेटता येईना. तीन डावांतच प्रतिपक्षाने त्याच्या चेंडूंवर ६ धावा काढल्या आणि त्यास मैदान सोडावे लागले. पाहता पाहता बोस्टनचा संघ सात सामन्यांच्या त्या मालिकेत ०-३ असा मागे पडला.

कायमची दुरुस्ती करावयाची, तर शस्त्रक्रिया व त्यानंतर कित्येक महिन्यांची विश्रांती हवी. तेवढा अवकाश नव्हता. तेव्हा संघाचे डॉक्टर बिल मॉर्गन यांनी एक निराळीच युक्ती योजिली. घोट्यावरील त्वचा टाके घालून आतील ऊतींशी शिवून टाकावयाची आणि कंडरेला हाडावरून उसळू न देणारी जणू भिंत उभी करावयाची, अशी ती कल्पना होती. जिवंत माणसावर असा प्रयोग करण्यापूर्वी त्यांनी तो एका मृतदेहाच्या पायावर करून पाहिला. १९ ऑक्टोबरला न्यूयॉर्क येथे मालिकेचा सहावा सामना झाला. ३७ वर्षांच्या शिलिंगने त्या शिवलेल्या पायावर सात डाव चेंडू टाकले आणि केवळ एक धाव दिली. टाक्यांतून पाझरलेल्या रक्ताने त्याचा मोजा लाल झालेला साऱ्या जगाने पाहिला. बोस्टनने तो सामना ४-२ असा जिंकला व दुसऱ्या दिवशी मालिकाही जिंकली. ०-३ अशा पिछाडीवरून मालिका जिंकण्याचा पराक्रम अमेरिकेच्या या प्रमुख स्पर्धेत तोपर्यंत कोणत्याही संघास साधला नव्हता. नंतर वर्ल्ड सीरीज या अंतिम मालिकेत २४ ऑक्टोबरला, पुन्हा टाके घालून, शिलिंगने सेंट लुईसविरुद्ध सहा डाव टाकले. तो सामना आणि ती मालिकाही बोस्टनने जिंकली. १९१८ नंतर ८६ वर्षांनी त्या शहरास हे विजेतेपद लाभले.

येथवरची कथा सर्वतोमुखी झाली. तिच्या उत्तरार्धाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. टाक्यांनी घोटा बरा झाला नव्हता. दुखण्याशी दोन-चार तासांचा तह झाला होता, इतकेच. फाटलेला पट्टा फाटलेलाच होता. नोव्हेंबरमध्ये खरी शस्त्रक्रिया झाली आणि खरे बरे होणे तेथून सुरू झाले. २००५ चा हंगाम सुरू झाला, तेव्हा पाय पूर्ववत झालेला नव्हता. आरंभीच त्यास पुन्हा रजा घ्यावी लागली आणि जुलैत परतल्यावर काही काळ केवळ अखेरच्या डावांपुरते काम देण्यात आले. दर नऊ डावांमागे पिचर सरासरी किती धावा देतो, यावरून त्याची योग्यता ठरवितात. शिलिंगची ही सरासरी २००४ मध्ये ३.२६ होती, ती २००५ मध्ये ५.६९ वर गेली. त्या वर्षी त्याने ८ सामने जिंकले आणि ८ गमावले. पुढील वर्षी, २००६ मध्ये, १५ विजय मिळवून तो सावरला.

दुसरी हकीकत सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स संघातील बस्टर पोझी याची. तो कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा गडी. २५ मे २०११ रोजी धाव पूर्ण करण्यासाठी वेगाने येणारा प्रतिस्पर्धी त्याच्यावर आदळला. पोझीच्या डाव्या पायाचे बारीक हाड मोडले व घोट्याचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे, फाटले. येथे युक्तीला वावच नव्हता. शस्त्रक्रिया झाली आणि उरलेला सारा हंगाम त्यास खेळाबाहेर काढावा लागला. प्रथम पायावर भार न देणे, मग हळूहळू चालणे, नंतर शक्ती व तोल परत मिळविणे, अशा क्रमाने महिने गेले. २०१२ मध्ये तो परतला, तेव्हा दर हजार चेष्टांमागे ३३६ यशस्वी टोले, अशा सरासरीने त्याने आपल्या लीगमध्ये फलंदाजीचा पहिला क्रमांक मिळविला. सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला आणि त्याचा संघ विजेता ठरला. पुढे २०१४ पासून कॅचरवर अशा प्रकारे आदळण्यास नियमाने आळा घालण्यात आला.

या दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न गैरलागू आहे. शिलिंगने जे केले ते जाणत्या वयात, वैद्याच्या देखरेखीखाली, किंमत ठाऊक असताना केले. आणि ती किंमत त्याने पुढे मोजलीही. परंतु शरीराचा नियम दोघांनाही सारखाच लागू पडला. कंडरा व अस्थिबंध यांना रक्ताचा पुरवठा बेताचा असतो, म्हणून ते सावकाश सांधतात. पहिले काही दिवस सूज असते, पुढील काही आठवड्यांत नवे तंतू तयार होतात आणि त्या तंतूंना बळकटी येण्यास महिने लागतात. वेदना मात्र यापूर्वीच थांबते. दुखेनासे झाले म्हणजे बरे झाले, असा समज यातूनच होतो, आणि अर्धवट सांधलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

विद्यार्थिमित्रांनी यातून व्यवहारापुरते एवढे ध्यानी धरावे. पाय मुरगळताच तो जोराने चोळू नये. त्याने सूज वाढते. खेळ थांबवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, पट्टी बांधून पाय उंचावर ठेवावा. चार पावलेही टाकवत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच तीव्र कळ येत असेल, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवून क्ष-किरण तपासणीविषयी विचारावे. दुखणे ओसरल्यावर एका पायावर स्थिर उभे राहण्याचा सराव करावा, कारण घोट्याची तोल ओळखण्याची शक्तीही इजेने मंदावलेली असते. दुखऱ्या पायावर न डगमगता उभे राहता येईल, उडी मारता येईल, वळता येईल, तेव्हाच मैदानाकडे परतावे.

रक्ताने माखलेला मोजा पाहून आपण थक्क होतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण मैदानाबाहेर, कोणी टाळ्या वाजवीत नसताना, रोज थोडा थोडा पाय वाकविणाऱ्या खेळाडूजवळही धैर्य असते. विद्यार्थ्यांवर पहिल्या धैर्याचा प्रसंग सहसा येणार नाही. दुसऱ्याची गरज मात्र प्रत्येकास केव्हा ना केव्हा भासेल.