पाच महिन्यांचे घर कुणाच्या खात्यावर?

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा पाण्याच्या हिशेबात दोन भागांत विभागलेला आहे. 1926 साली पुरे झालेले भंडारदरा धरण, प्रवरेचे डावे-उजवे कालवे, गोदावरीचे कालवे आणि पुढे मुळा धरण यांच्या भरवशावर कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा हा पट्टा उसाचा झाला. ब्रिटिश काळातच हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना उभा राहिला. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्यापाठोपाठ संगमनेर, कोपरगाव, राहुरी, सोनई, भेंडे, श्रीगोंदा अशी कारखान्यांची माळच लागली. याच जिल्ह्यातले पाथर्डी, जामखेड आणि शेवगावचा बराचसा भाग मात्र पावसाच्या लहरीवर जगत राहिले. दसऱ्याच्या आगेमागे तिथल्या वस्त्या आणि लगतच्या बीड जिल्ह्यातले आष्टी, पाटोदा, शिरूर कासार रिकामे होऊ लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी आणि सगळ्यांच्या वर माणसे बसतात. काही जण कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकाकडे जातात, तर काही आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला. बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, चार-पाच महिने हे लोक जिथे राहतात, ते घर कुणी द्यायचे, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की हे घर मजुराची खासगी अडचण नाही. गव्हाण, बॉयलर आणि वजनकाटा जसे कारखान्याचे, तसेच तेही कारखान्याच्या यंत्रणेचा भाग आहे, आणि त्याचा खर्च कारखान्याच्याच खात्यावर पडला पाहिजे.

आज हे घर म्हणजे कोपी. बांबू वा काटक्यांचा सांगाडा, त्यावर पाचट, चटई किंवा ताडपत्री. दार इतके ठेंगणे की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत एका कोपऱ्यात धान्याच्या गोण्या, दुसऱ्यात पांघरुणे, चूल दाराबाहेर. वीज बहुधा नसते, संडास नसतो, पाणी जवळच्या विहिरीवरून किंवा शेतातल्या पाइपावरून आणायचे. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते आणि उजाडायच्या आत नवऱ्याबरोबर फडात पोचते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. हिशेब जोडीचा होतो, बाईच्या हातात वेगळी मजुरी पडत नाही. नवरा तोडतो, ती ऊस गोळा करून मोळ्या बांधते. डोकी सेंटर, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहणारी टोळी, असेल तर तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. आजारपणाने एक दिवस काम चुकले तरी खाडा कापला जातो. वाढे विकून चार पैसे सुटतात, त्यावर मीठ-मिरची चालते.

या राहणीचा परिणाम शरीरावर उमटतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. याला काही डॉक्टरांचा लोभ जसा कारण झाला, तसाच खाड्याचा धाकही. पण ज्या बाईला पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, विश्रांतीची मुभा नाही, तिला पिशवी काढून टाकणे हाच मार्ग सोपा वाटावा, यात राहण्याच्या जागेचा वाटा मोठा आहे. पोरांचा धोका निराळा. अकोले परिसरात कॅमेरे लावून वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी गजबजलेल्या शेतशिवारातही बिबटे कायमचे वस्ती करून असतात, हे त्याने दाखवले. त्याच शिवारात, बिबट्याला लपायला सोयीच्या उसाच्या कडेला, कोपीला कडी-कोयंडा नसताना तान्ही लेकरे झोपतात.

मग जबाबदार कोण? कागदावर कोणीच नाही. कारखाना वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी करार करतो, मुकादम जोडीला उचल (आगाऊ रक्कम) देतो, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो. त्यामुळे कारखाना म्हणतो, हे मजूर आमचे नाहीत. आम्ही शेतकऱ्याच्या वतीने सोय करतो. शेतकरी म्हणतो, मजूर कोण येणार आणि कधी येणार हे मला तोड मिळेपर्यंत ठाऊकही नसते. मुकादम स्वतःच कालपर्यंत कोयता धरणारा. स्थलांतरित मजुरांचा 1979 चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या कामगार संहितेतही ती अट कायम आहे. पाथर्डीहून सोनईला आलेली जोडी त्या व्याख्येत बसत नाही. परंतु फड कोणता, तारीख कोणती, तळ कुठे पडणार, हे कोण ठरवतो ते पाहिले की धूसरपणा उरत नाही. तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचे शेतकी खाते आखते. उसातली साखर उतरण्याआधी तो गव्हाणीत पडावा म्हणून माणसे फडाच्या उशाशी हवी असतात. राहण्याची जागा ही उत्पादनाची गरज आहे, आणि जो ती ठरवतो त्याच्यावर छपराचे देणे लागते.

हे तत्त्व परके नाही. 1951 च्या मळेकामगार कायद्याने चहाच्या मळेवाल्यांवर कामगारांच्या घरांची जबाबदारी टाकली. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने तर मालकाने कामाच्या जागी किंवा जवळ मोफत तात्पुरता निवारा द्यावा, त्यात स्वयंपाक, अंघोळ आणि संडासाची सोय असावी आणि काम संपल्यावर तो काढून जागा पूर्ववत करावी, असेच सांगितले. बर्फावर घसरण्याच्या खेळांची जी पर्यटनगावे परदेशात आहेत, तिथेही हंगामापुरते येणारे कामगार भाडे परवडत नाही म्हणून गाडीत, कॅम्परमध्ये हिवाळा काढतात. त्यांच्या आणि आपल्या मजुराच्या स्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यांच्यातले पुष्कळ जण हौसेनेही येतात, आणि त्यांच्या डोक्यावर उचलीचे कर्ज नसते. तरीही तिथल्या शासनांनी हा प्रश्न त्या कामगाराच्या नशिबावर सोडलेला नाही. कॅनडातल्या व्हिसलर गावाने 1997 मध्ये गृहनिर्माण संस्था काढून निदान 75 टक्के कामगार गावातच राहू शकतील असे उद्दिष्ट धरले. फ्रान्सने 2016 च्या डोंगरी प्रदेशविषयक कायद्यात पर्यटन-गावांना हंगामी कामगारांच्या निवासाबाबत शासनाशी करार करणे बंधनकारक केले. साखरेचा हंगाम तर बर्फाच्या हंगामापेक्षा अधिक नेमका असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की पाच महिन्यांसाठी पक्के बांधून काय करायचे? कारखानाही पाच महिनेच चालतो, तरी त्याची चिमणी बाराही महिने उभी असते. शिवाय इथे तळ दोन प्रकारचे आहेत. टायरगाडी सेंटरचे लोक बैलांसह कारखान्याच्या आसपास एकाच तळावर हंगामभर राहतात. तिथे ओटे, पत्र्याचे छप्पर, गोठा, नळ, दिवे, संडास आणि पाळणाघर हे कायमचे बांधता येते. डोकी सेंटरच्या टोळ्या मात्र ऊस तुटेल तशा गावोगाव सरकतात. त्यांना ट्रॅक्टरमागे ओढता येणाऱ्या पत्र्याच्या खोल्या, फिरते संडास आणि पाण्याचे टँकर लागतील. जो ट्रॅक्टर हंगामभर शेकडो टन ऊस ओढतो, त्याला चार खोल्या ओढणे जड नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो गंभीर आहे, कारण भार शेवटी ऊसबिलावर पडेल ही भीती खरी आहे. पण गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन 10 रुपये घेण्याचा निर्णय झालेलाच आहे. 10 लाख टन गाळणाऱ्या कारखान्यामागे हंगामाला ती रक्कम एक कोटी होते. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनामागे 273 वरून 366 रुपये झाला. संप आणि वाटाघाटींतून मिळालेली ती वाढ मोलाचीच आहे. पण दोन टन तोडून सव्वासातशे रुपये मिळवणाऱ्या जोडीने त्यातून ताडपत्री, जळण आणि दवाखाना भागवायचा, तर निवाऱ्याचा खर्च आज मजूरच उचलतो आहे. प्रश्न नवा खर्च लादण्याचा नसून जुना खर्च योग्य खात्यावर नेण्याचा आहे.

तिसरा आक्षेप असा की आता हार्वेस्टर आले, मजूर संपणार. लहान तुकडे, अरुंद सऱ्या आणि ओल धरणारी काळी जमीन पाहता ते इतक्यात होणे नाही. झालेच, तर चाकांवरच्या खोल्या दुसरीकडे कामी येतील. चौथा आक्षेप खुद्द मजुरांच्या तोंडून येतो: बैलांजवळ आपली कोपीच बरी. तो झिडकारण्यासारखा नाही. बैलजोडी ही त्यांची भांडवली गुंतवणूक; तिच्यापासून दूर नेणारी चाळ बांधाल तर ती रिकामीच राहील. म्हणून आराखडा बायकांना आणि गाडीवानांना विचारूनच झाला पाहिजे. पण ‘त्यांना सवय आहे’ हे कारण संडास न देण्यासाठी पुढे करता येणार नाही.

साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना यांनी मुलांना गावी थांबवण्याचा प्रयत्न केला, आणि तो चालूच राहिला पाहिजे. मात्र आई-बाप कोपीत आणि लेकरे आजीपाशी, हे कायमचे उत्तर होऊ शकत नाही. अहिल्यानगरची सोय अशी की इथे मजूर पाठवणारे तालुके आणि मजूर घेणारे कारखाने एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या, एकाच जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहेत. पाथर्डीत नोंद झालेल्या गरोदर बाईची माहिती भेंड्याच्या तळावर पोचवायला आंतरराज्य करार लागत नाही. शेतकऱ्यांची एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) थकली की साखर आयुक्तालय गाळप परवाना अडवू शकते. त्याच परवान्याला तळाच्या तपासणीची अट जोडली पाहिजे. संडास, पाणी, दिवा, पाळणाघर तयार असल्याचा दाखला नसेल, तर बॉयलर पेटू नये. ज्या जिल्ह्याने शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले, त्याने तोडणाऱ्याला कारखान्याचा माणूस मानावे, एवढीच ही मागणी आहे, आणि ती सहकाराच्या मूळ विचाराबाहेरची नाही.