धुऊन न जाणारी जखम: आंतरिक आरोग्यदानाचा ख्रिस्ती विचार

(हरसूल, जि. नाशिक येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

 

आजचा विषय आहे आंतरिक आरोग्यदान. प्रार्थनासभेच्या पत्रकावर हा शब्द तुम्ही वाचला असेल, मोबाइलवर ऐकला असेल. त्या नावाखाली बरंच काही चालतं, म्हणून आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. इथं सगळ्या धर्मांची माणसं बसली आहेत. कुणी धर्म बदलावा म्हणून आम्ही बोलायला आलेलो नाही. मनाच्या जखमेचा विचार ख्रिस्ती परंपरेनं कसा केला, तेवढंच मांडणार आहोत. दुसरं म्हणजे, आज इथं कुणाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला तासाभरात बरं केलं जाणार नाही.

सुरुवात आपल्याच भागातून करू. १८५७ च्या डिसेंबरात त्र्यंबकला उठाव झाला. आपलं हरसूल तेव्हा पेठ संस्थानात होतं. तेही त्याच धामधुमीत लुटलं गेलं. पुढं धरपकड झाली, फाशी झाल्या. फाशी गेलेल्यांत एक जण जलालपूरच्या गोखल्यांच्या नात्यातला होता. जलालपूर म्हणजे नाशिकजवळचं, गोदेकाठचं गाव. या घरात १८६८ साली एक मुलगी जन्मली. तीच पुढं लक्ष्मीबाई टिळक झाली, 'स्मृतिचित्रे' लिहिणारी.

त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच लक्ष्मीबाई आपल्या वडिलांबद्दल सांगतात. त्या फाशीच्या प्रसंगापासून नानांना सोवळ्याओवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी वस्तू धुवायची. मीठ आणि साखरसुद्धा सुटली नाही. सगळं घर त्या धुण्याखाली दबून गेलं. बायकोला, मुलांना सुखानं जगता येईना.

आता हे फक्त सोवळं होतं का? आम्हाला तसं वाटत नाही. काहीतरी भयंकर घडलं होतं. त्याबद्दल बोलायला जागा नव्हती, शब्द नव्हते, आणि त्या काळात तर नुसता उल्लेखही धोक्याचा होता. मग ते आत राहिलं आणि हातांवाटे बाहेर येत राहिलं. पाणी बाहेरच्या वस्तूवर पडत होतं, डाग मात्र आत होता. त्यामुळे कितीही धुतलं तरी पुरेसं होईना.

मनाची जखम अशी असते. पायाला कोयता लागला तर रक्त दिसतं, गावकरी दवाखान्यात नेतात. मनाला लागतं तेव्हा काहीच दिसत नाही. ती रागातून दिसते, दारूतून दिसते, पोटदुखीतून, न येणाऱ्या झोपेतून दिसते. आणि पुष्कळदा जखम एकाची असते, भोगतं सगळं घर.

मग ख्रिस्ती परंपरा यावर काय सांगते? बायबलमधल्या तीन गोष्टी बघू.

पहिली एलीया संदेष्ट्याची. ही राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात आहे. मोठा विजय मिळवलेला माणूस, पण जीव वाचवायला रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला काय म्हणतो? तुझा विश्वास कमी पडला, असं म्हणत नाही. उपदेशही करत नाही. त्याला झोपू देतो. मग देवदूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून खायला देतो. बोलणं होतं ते लांबचा प्रवास झाल्यावर, होरेब डोंगरावर. तिथंही देव आधी प्रश्न विचारतो, तू इथं काय करतोस? एलीया आपली कैफियत मांडतो. थोड्या वेळानं तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि तो तीच कैफियत शब्दाला शब्द पुन्हा सांगतो. देव कंटाळत नाही. शेवटी त्याला काम देतो आणि अलीशा नावाचा सोबती देतो. क्रम लक्षात ठेवा: झोप, अन्न, ऐकून घेणं, काम, सोबत. द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाऊन महिन्यांनी थकून परतलेल्या बाईला पहिल्याच दिवशी उपदेश करणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

दुसरी गोष्ट स्तोत्रांची. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली फार मोठी संख्या गाऱ्हाण्यांची आहे. देवावरच रागावलेली, त्यालाच जाब विचारणारी. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी ते वगळलं नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. म्हणजे ज्याचं दुःख अजून संपलेलं नाही त्यालाही देवापुढे उभं राहायला जागा आहे. प्रार्थनेला जाताना तोंडावर हसू चिकटवून जावं लागत नाही.

तिसरी गोष्ट पेत्राची, आणि आमच्या मते या विषयाचा गाभा तिथं आहे. येशूला पकडून नेलं त्या रात्री थंडी होती. अंगणात कोळशाची शेकोटी पेटली होती. तिथं शेकत असताना पेत्रानं तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. पुढं येशू मरण पावला, पुन्हा उठला. एका सकाळी तो सरोवराच्या काठी शिष्यांना भेटतो, तेव्हा तिथंही कोळशाचा विस्तव आहे. योहानानं वापरलेला मूळ ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो.

आपण शेकोटीवाले लोक आहोत. धुराचा वास नाकात शिरला की कुठली रात्र आठवते, हे कुणी आपल्याला शिकवायला नको. पेत्राला त्याच वासात पुन्हा उभं केलं गेलं. पण आधी मासे आणि भाकर खाऊ घातली. मग तीनदा नाकारलं होतं त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटलं, असं योहान नोंदवतो. दुखणारच. पण जुनी आठवण पुसली गेली नाही. तिच्या शेजारी एक नवी आठवण ठेवली गेली, आणि लगेच मेंढरं सांभाळण्याची जबाबदारी सोपवली गेली. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवरसुद्धा खिळ्यांच्या खुणा होत्याच. म्हणून 'बरा झालो' म्हणजे 'काही घडलंच नव्हतं' असं नव्हे.

विसाव्या शतकात या विचारातून एक चळवळच उभी राहिली. अमेरिकेत ॲग्नेस सॅनफर्ड यांचं पुस्तक १९४७ साली आलं. त्या स्वतः नैराश्यातून गेलेल्या होत्या. १९७४ मध्ये फ्रान्सिस मॅकनट यांच्या पुस्तकामुळे हा विचार कॅथोलिक प्रार्थनागटांत पसरला. आपल्याकडे मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्यात साधना संस्था चालवली. शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, स्वतः त्यात उभं राहायचं, ही संत इग्नेशियस यांची जुनी पद्धत. तिला त्यांनी भारतीय ध्यानपद्धतींची जोड दिली.

चांगल्या गोष्टीबरोबर धोकेही आले. आठवण म्हणजे मोबाइलमधलं रेकॉर्डिंग नसतं. ती दर वेळी नव्यानं जुळवली जाते. प्रार्थना करणारा म्हणाला, 'तुझ्या लहानपणी अमक्यानं नक्की काही केलं असणार,' तर माणसाला न घडलेलंही आठवू लागतं. असं सुचवणं पाप आहे. दुसऱ्याच्या आठवणीत आपण हात घालू नये, फक्त शेजारी बसावं.

आता क्षमा. इथं सर्वांत जास्त नुकसान होतं. नवरा दारू पिऊन मारतो, आणि बाईला सांगितलं जातं, क्षमा कर, परत जा. क्षमा म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे. क्षमा म्हणजे सूडाचं ओझं देवाच्या हवाली करणं. पुन्हा एकत्र नांदणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी समोरच्यानं बदलावं लागतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा वापरणारी बाई क्षमेविरुद्ध वागत नाही. आणि क्षमेची तारीख दुसऱ्यानं ठरवायची नसते.

पुन्हा लक्ष्मीबाईंकडे येऊ. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला तो जबर धक्का होता. काही वर्षं ताटातूट झाली. नानांच्या घरात वाढलेली ही मुलगी सोवळं घट्ट धरून होती. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही तिनं नवऱ्याच्या धर्मात उडी मारली नाही. जातीचे बंध एकेक करून, स्वतः विचार करून सोडले, आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी आठवणी लिहिल्या आणि १९३४ पासून त्या पुस्तकरूपानं येऊ लागल्या.

त्या आठवणींत टिळकांचा राग आहे, लहर आहे, घरच्यांना झालेला त्रास आहे. काहीच झाकलेलं नाही. पण कडवटपणाही नाही. उलट वाचताना आपण हसतो. नानांबद्दलही तसंच. ज्या दुःखावर वडील जन्मभर पाणी ओतत राहिले, ते मुलीनं शब्दांत मांडलं. खरं सांगून प्रेम करता येतं, हे त्या पानांवर दिसतं. आमच्या दृष्टीनं हेच आंतरिक आरोग्य.

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन इथं घेतो.

प्रश्न: मनाच्या आजाराची गोळी घेतली तर विश्वास कमी आहे असं होतं का?

नाही. साखरेच्या आजाराची गोळी घेताना कुणी असं विचारत नाही. एलीयाला भाकर लागली, तशी कुणाला गोळी लागते. डॉक्टरांना न विचारता, प्रार्थना झाली म्हणून औषध बंद करू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. बाईला घरात धोका असेल तर १८१ लावा. आणि जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका.

प्रश्न: आम्ही शिकलेलो नाही. दुसऱ्याला कशी मदत करणार?

चहा ठेवा. जवळ बसा. त्यानं तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तरी 'हे आधी सांगितलंस' म्हणू नका. ऐकलेलं गावात सांगू नका. प्रार्थना करायची तर आधी त्याला विचारा, मग दोनच वाक्यांत करा. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. बहुतेक जण पहिल्यांदा जातात. दुसऱ्यांदा जाणारे थोडे असतात. त्या थोड्यांत आपण असू या.