लोखंडी कवचाची गोगलगाय

शंख म्हटला की आपणांस देवघर आठवते. तो मुळात एका समुद्री गोगलगाईचे घर, आणि असली घरे चुन्याची असावयाची, हा निसर्गाचा सर्वसाधारण परिपाठ. त्याला एक विलक्षण अपवाद आपल्या हिंदी महासागरातच आहे.

रॉड्रिग्ज बेटाच्या आग्नेयेस, सुमारे २,४०० मीटर खोलीवर, समुद्रतळातून गरम पाण्याचे झरे उसळतात. वज्रेश्वरीची कुंडे यांच्यापुढे थंडच म्हणावयाची! येथील पाणी साडेतीनशे अंशांपर्यंत तापते, आणि त्यात गंधक व धातू विरघळलेले असतात. या झऱ्यांच्या आसपास, पाणी निवलेले असते तेथे, २००१ साली ही गोगलगाय सापडली. शंख फार तर पावणेदोन इंचांचा. पण पायावर कौलांसारखे खवले, आणि शंखावर व खवल्यांवर लोह-गंधकाचा काळा थर. २०१५ साली तिला ‘क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम’ हे शास्त्रीय नाव मिळाले.

शंखाच्या आत चुना आहेच. मात्र चुना व लोह यांच्यामध्ये एक मऊ थर आहे, तो आघात जिरवतो. तेव्हा हे चिलखत शत्रूसाठीच चढविले असणार, असे कोणासही वाटेल. पण तिच्या अन्नाकडे पाहा. ती जवळजवळ काही खातच नाही. अन्ननलिकेच्या एका मोठ्या ग्रंथीत तिने जिवाणू पाळले आहेत; ते झऱ्यातील गंधकयुक्त वायूवर जगतात आणि तिला पोसतात. त्यांना प्राणवायू पुरवावयाचा म्हणून तिचे हृदय शरीराच्या शेकडा चार भाग जागा व्यापते! या व्यवहारात उरलेले गंधक विषारी. ते खवल्यांमधून बाहेर झिरपते, पाण्यातील लोहाशी त्याचा संयोग होतो आणि खवल्यांवर काळा थर धरतो, असे २०१९ च्या संशोधनातून दिसले. विष टाकता टाकता चिलखत घडले म्हणावयाचे! जेथील झऱ्यात लोह कमी, तेथे हीच गोगलगाय पांढरी असते, आणि तशीही ती सुखाने नांदते.

तिची खरी अडचण निराळीच आहे. झऱ्यांभोवती साचलेल्या तांबे-जस्तादी धातूंवर माणसांची नजर गेली आहे. २०१९ साली तिची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत झाली. त्या वेळी तिच्या माहीत असलेल्या तीन वस्त्या मिळून सुमारे पाच एकर भरत होत्या, आणि त्यांपैकी दोन खनिज-शोधाच्या परवान्याखालील क्षेत्रात होत्या. हे परवाने जर्मनी व चीन यांचे. परंतु याच महासागरातील पर्वतरांगांवर दहा हजार चौरस किलोमीटरांत असाच शोध घेण्याचा करार भारतानेही २०१६ साली केला आहे.