घरपट्टी किती वाढवता येते? बिल भरण्याआधी नमुना 8 बघा

नरपड (ता. डहाणू) : फेरआकारणी होऊन घरपट्टीचं नवीन बिल हातात पडलं की पहिला राग सरपंचावर निघतो. पण घरपट्टीचा दर सरपंचाच्या मनावर नसतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 124 प्रमाणे किमान आणि कमाल दर राज्य सरकार ठरवतं. ग्रामपंचायतीने ठराव करून त्याच्या मधला दर निवडायचा. कमालच्या वर जाता येत नाही, तसं किमानच्या खालीही नाही. निवडणुकीत कोणी घरपट्टी माफ करतो म्हणाला, तर हे लक्षात ठेवा.

पूर्वी घराच्या क्षेत्रफळावर पट्टी लागायची. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 31 डिसेंबर 2015 ला नवे नियम आले. आता कर भांडवली मूल्यावर बसतो. त्यात जागेचा रेडी रेकनरचा दर, बांधकामाचा दर, घर जुनं असेल तर घसारा, आणि वापर कसला आहे हे सगळं धरतात. आलेल्या मूल्यावर दर हजार रुपयांमागे कर. कुडामातीच्या घराला दर कमी, आरसीसीला जास्त.

समजा मूल्य 4 लाख निघालं आणि दर हजारी 1 रुपया आहे, तर घरपट्टी 400 रुपये. पुढच्या फेरआकारणीत मूल्य 5 लाख झालं तर दर तोच राहून 500 रुपये. खरी गोम इथे आहे. मर्यादा दराला आहे, पण रेडी रेकनर ग्रामपंचायत ठरवत नाही, तो नोंदणी व मुद्रांक विभाग ठरवतो. 1 एप्रिल 2025 पासून ग्रामीण भागात तो सरासरी 3.36 टक्के वाढला. म्हणून ग्रामपंचायतीने दर वाढवला नाही तरी बिल वाढू शकतं.

चूक मात्र गावातच होते, आणि ती बघायला वकील लागत नाही. ग्रामपंचायतीत नमुना 8 चा उतारा मागा. घर कुडाचं असून पक्कं लिहिलंय का? मोजमाप बरोबर आहे का? बांधकामाचं वर्ष चुकलं तर घसारा कमी मिळतो. आपल्या किनाऱ्याला पर्यटकांना खोल्या देणारी घरं आहेत, त्यांनी वापराचा रकाना नीट वाचावा. व्यापारी वापराला भारांक जास्त असतो, तो राहत्या खोल्यांनाही लावला असेल तर विचारा. पाणीपट्टी आणि दिवाबत्ती वेगळी, ती यात मिसळू नका.

आकारणी यादी लागते तेव्हा हरकतीची मुदत नोटिशीवरच लिहिलेली असते. नोटीस फळ्यावर असते आणि आपण वाडीत, हीच अडचण. मोबाईलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाका. हरकत लेखी द्या, ग्रामसेवकाकडून (आता ग्रामपंचायत अधिकारी) पोच घ्या. तिथे ऐकलं नाही तर अपील डहाणू पंचायत समितीकडे, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे.