तात्या विंचू खरा नाही, पण मजा खरी!

एक गुंड मरता मरता मंत्र म्हणतो. त्याचा आत्मा शिरतो बाहुल्यात. मग तो बाहुला चालतो, बोलतो, माणसांच्या जिवावर उठतो आणि पोलीस त्याच्या मागे! पटतं का हे? मुळीच नाही. तरीपण ‘झपाटलेला’ लागला की घरातली सगळी पोरं टीव्हीसमोर!

हा सिनेमा आला १९९३ साली. दिग्दर्शक महेश कोठारे. त्यातला इन्स्पेक्टरही तेच. लक्ष्या झाला लक्ष्मीकांत बेर्डे आणि तात्या विंचू दिलीप प्रभावळकर. बाहुल्यात गुंडाचा आत्मा ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटात आधी येऊन गेली होती. म्हणून मोठी माणसं नाकं मुरडतात. “पोरकट आहे, उसना आहे, काहीच्या बाही आहे!”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण गंमत कुठे आहे, तेही बघा. बाहुला म्हणजे आपलं खेळणं, आपण हलवू तसं हलणारं. तेच उलटलं तर? म्हणून अंगावर काटा येतो. तेवढ्यात लक्ष्याची धांदल सुरू होते आणि आपण खो खो हसतो. भीती आणि हसू असं पाठोपाठ येतं, म्हणून पाय निघत नाही.

आमच्या नाचणगावात एका पोरानं मला विचारलं, “सर, बाहुला खरंच बोलते का जी?” नाही रे बाबा! तो बाहुला रामदास पाध्ये यांनी बनवला. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांचा ‘अर्धवटराव’ तुमच्या आजोबांना विचारा. ही कला म्हणजे शब्दभ्रम. ओठ न हलवता बोलायचं, म्हणजे आवाज बाहुल्याचाच वाटतो.

आता आरशासमोर उभे राहा. ओठ किंचित उघडे ठेवून, ते न हलवता ‘काका’ म्हणा. जमलं? आता ‘पपई’ म्हणा. अडलं ना! प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. ओठ मिटल्याशिवाय ते नीट निघत नाहीत. शब्दभ्रमकार तिथे जिभेनं जवळचा आवाज काढतात. व्याकरणाचा धडा असा सिनेमातही सापडतो, बरं का!

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मंत्रानं कुणाचा आत्मा कुठे जात नाही. २०१३ साली या सिनेमाचा दुसरा भाग आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही झाला. पडद्यावरच्या बाबाला हसायचं. गावात कुणी तसा बाबा आला, तर त्याच्या नादी लागायचं नाही.

पालकांनाही एक विनंती. “काय फालतू बघतोस!” म्हणून टीव्ही बंद करू नका. शेजारी बसा आणि विचारा, “यातलं खरं काय, खोटं काय?” पोरगं रात्री घाबरलं, तर हसू नका. बाहुला कसा हलवतात, ते त्याला समजावून सांगा. युक्ती कळली की भीती जाते आणि मजा मात्र उरते.